नाव काय घालू?

वडगावात वायर ओढून झाली की मी एकच प्रश्न विचारतो:
नाव काय घालू?
डब्याचा दिवा हिरवा झालेला, शिडी अजून भिंतीला,
आणि घरातली माणसं एकमेकांकडे बघतात,
बारसं मांडलं आणि आत्याच आली नाही, तशी.

दुकानाच्या पाटीला नियम आहे.
कन्नड वर आणि मोठं, बाकीचं खाली, मावलं तर.
टेप घेऊन येतात मोजायला.
हवेला कोण टेप लावणार?

म्हणून पाटीवर गप्प बसलेले यल्लोजी कंग्राळकर
मला म्हणाले, लिही गा: बेळगावच म्हणा.
तिसऱ्या दिवशी समोरच्या हिरेमठ मास्तरांचा फोन.
नाव बदलायचंय.
काय घालू, सर?
बेळगावी अन्री.

मधे रस्ता बारा फुटांचा, त्यात गटार.
कंग्राळकरांच्या चुलीपाशी मास्तरांचं नाव पोचतं, चार कांड्या.
मास्तरांच्या देवघरात यांचं, तीन.

एक गंमत सांगतो, पुढं सांगू नका.
ह्या डब्याला मराठी येत नाही, कन्नडही येत नाही.
कंपनीचं ॲप एबीसीडीशिवाय काही गिळत नाही.
इथली सगळी अस्मिता मी अंगठ्यानं
इंग्रजी अक्षरांत टाइप केलेली आहे.
त्यात 'ळ' बसत नाही.
मराठीतला नाही, कन्नडातला नाही.
दोघांचा 'ळ' एकाच ठिकाणी, माझ्या हातून, 'ल' होतो
आणि आजवर एकानंही तक्रार दिलेली नाही.

बाकीच्यांची भांडणं वेगळ्या खात्यातली.
कोपऱ्यावरचं घर: नळ आठ दिवसांनी.
वरचा मजला: निंगाप्पा भिशी दे.
मागवाल्या कुडचीकरांच्या शेजारी: साडेनऊनंतर खटखट बंद.
त्यावर कुडचीकरांचं, रातोरात:
झोप नाही तर विणायला ये.

आणि भारता. नवरा मडगावला गेला तो तिकडचाच झाला.
लाइटचं बिल तिनं आपल्या नावावर करून घेतलं, मग गॅस, मग हे.
माझं नाव घाल की, म्हणाली.
आडनाव?
दोन घटका विचार केला तिनं, गिरणीचा पट्टा फिरत होता,
हातभर पीठ.
कुठलं घालतोस, म्हणाली. राहू दे. मावत नसेल म्हण.

नाव गल्लीला दिसतं. पासवर्ड मला.
ते सांगायचे नसतात.
मास्तरांचा एक ते आठ आकडे, ओळीनं. चाळीस वर्षं गणित शिकवलेला माणूस.
कंग्राळकरांचा मात्र कानात सांगितला त्यांनी,
ऊटा आयता, जेवलास काय,
नातीच्या लक्षात राहतो म्हणून.
मी मान खाली घालून टाइप केला. आठ अक्षरं बरोब्बर बसली.

माझ्या घरी?
अजून कारखान्याचंच नाव, शेवटी चार आकडे.
आई गोकाकची, बाप उचगावचा.
बायको म्हणते, गावाची बारशी करत फिरतोस.
मी म्हणतो, बघू, सुट्टी मिळू दे.

परवा रात्री फीडर उडाला.
माग थांबले, पंखे थांबले, कुत्री तेवढी चालू.
गच्चीवर जाऊन सवयीनं फोन उघडला, यादी खाली ओढली.
बेळगावच म्हणा नाही. बेळगावी अन्री नाही.
नळ नाही, भिशी नाही.
एकच नाव उरलेलं, तीन कांड्या:
भारता.
गिरणीच्या फळीवरचा छोटा यूपीएस, मीच जोडून दिलेला, हप्त्यावर.

समोरासमोर दोन खिडक्यांत दोन फोन उजळले.
दोन म्हातारी तोंडं, चष्मे कपाळावर,
दोघंही तेच एक नाव वाचत असणार.
कुलूप होतंच त्याला.
तरी वाचत राहिले.